विकणे आहे

विकणे आहे : चार तारांचा बेस, रंग काळा,
खालच्या कोपऱ्यात टवका. तो माझ्या हातून नाही,
याकोबकडून. नाताळच्या आदल्या रात्री, मिरजेच्या चर्चमध्ये
स्टँडवरून धाडकन पडला,
आणि पाद्रीबाबा म्हणाले, "आज पहिल्यांदाच ऐकू आला."

याकोब लोंढे दवाखान्यात एक्स-रे काढतो.
दिवसभर लोकांची हाडं, रात्री चार तारा.
म्हणतो, दोन्हीकडं तेच, भावा,
मोडल्यावरच कळतं, आत काहीतरी होतं.

त्यानं तो भूपाल मगदूमला दिला साडेसात हजारांना.
भूपालची हळदीची अडत, सांगलीत, मार्केट यार्डात.
कव्हर मिळेना म्हणून पोत्यात घातला.
दोन वर्षं पोत्यात.
अजून पिकअपचे स्क्रू काढले की पिवळी पूड सांडते,
आणि उन्हाळ्यात, घामेजल्या हातानं वाजवलं
तर बोटं नवरदेवाची.

भूपालनं तो तन्वीरला दिला, अँपच्या बदल्यात.
आता हा अँप पुरात चार दिवस बुडालेला.
तन्वीरनं गच्चीवर वाळवला, कुरडयांशेजारी.
तेव्हापासून वरच्या पट्टीत घसा बसलाय,
पण खाली ई लावला की कृष्णा अजून येते, गढूळ, बांधाला लागून.
भूपाल म्हणतो, "फसवलंस."
तन्वीर म्हणतो, "पाण्यातला आहे, असं सांगितलं होतं."
"मला वाटलं, आवाजाचं कौतुक करतोयस!"
पाच वर्षं चाललंय.
दर रविवारी ऐकतो, भडंगाबरोबर.

नट झिजला तेव्हा सतारवाल्यांच्या गल्लीत नेला.
बशीरचाचांनी चष्मा वर केला, तारा मोजल्या,
परत मोजल्या.
"चार? मग तंबोराच की हा. आडवा कुणी पाडला?"
कुठल्याशा जुन्या घोडीचा उरलेला तुकडा घासला, बसवला,
कान लावून ऐकलं.
"ह्यालाबी टाळ्या पडत नसतील," म्हणाले,
आणि पैसे घेतले नाहीत.

मी तन्वीरकडून सहा हजारांना घेतला.
घरी आणून उलटा केला तर मागं, प्लेटीखाली,
कंपासच्या टोकानं कोरलेली माझीच आद्याक्षरं.
लग्न ठरलं तेव्हा, सासरे घर बघायला येणार म्हणून
नऊ हजारांना मीच याकोबला विकला होता.
बायकोला म्हटलं, बघ, तीन हजार फायदा.
ती म्हणाली, "आणि वाजवायला?"

तर, विकणे आहे.
कुपवाडच्या कारखान्यात रात्रपाळी लागलीय,
दिवसा झोपतो, खालच्या मजल्यावर नवं बाळ आहे.
आष्ट्याचा एक पोरगा आला, म्हणाला, सहा तारांचा नाही का?
तासगावचा बेंजो पार्टीवाला आला,
दोन तास वाजवला, चहा प्याला, गेला.

मग बुधगावहून प्रज्वला कांबळे. इंजिनिअरिंगला आहे, दुसरं वर्ष.
भूपालच्या अडतीत पोत्यांवर बसली,
पुरातल्या अँपला वायर जोडली
आणि एकच सूर लावला. धरला.
पुढं काहीच वाजवलं नाही.
ताटलीतलं भडंग आपोआप सरकायला लागलं,
तराजूचं पारडं हललं, हवेत हळद.
याकोब माझ्या कानात, "पाच सांग."
भूपाल, "चार."
तन्वीर, "अँपपण देऊन टाक की,"
"तो माझा आहे!" भूपाल ओरडला,
पाच वर्षांत पहिल्यांदा.

साडेतीनला दिला. अट एकच :
विकायचा झाला तर आधी आम्हाला सांगायचं.
पोतं बरोबर. पोत्याचे पैसे नाहीत.

थांब्यावर चौघं उगाच उभे राहिलो.
कंडक्टरनं पोत्याला बोट लावलं, बोट पिवळं झालं.
"काय हाय ह्यात?"
"बेस," ती म्हणाली.
"बेस असंल गं, पर हाय काय?"